सेवा केंद्राचा लॅपटॉप ४ जीबीवर रडून रायला, रॅम कोणती टाकू?

कापूसकोंड्या:
राजेहो, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माह्यं सेवा केंद्र हाय. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, थिंकपॅड टी४५०, आय५ पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, विंडोज १०. सकाळी बटन दाबलं का माह्या चहा होऊन जाते तरी हा गोलच फिरवत रायते. मंग क्रोममध्ये दोन-तीन साइटा, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, स्कॅनर अन् फोटो केबीत बसवायचं काम, एवढं एका टायमाले उघडलं का माऊस जागेवरच उभा. लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या वक्ताले तं बायाइची लाइन रस्त्यापर्यंत अन् इकडं ओटीपी येऊन एक्स्पायर होऊन जाय तरी पेज उघडत नव्हतं, शिव्या मले. यवतमाळच्या एका दुकानात फोन केला तं थो म्हणते "घेऊन या, ८ जीबी टाकून देतो". कोणती टाकते, जुनी काढून घेते का ठेवते, काहीच सांगत नाही. कोणाले माहीत असन तं सांगजा. का नवीनच घेऊ? कापसाचे पैसे आले हायेत पण थे बी-खताचे हायेत, घरचे त्याले हात लावू देणार नाहीत.

नागपुरी_तर्री:
नवीन कायले घेतो भाऊ, टी४५० लय मजबूत मशीन आहे, अर्ध्या कंपन्यांनी तेच वापरून मग लिलावात काढले म्हणून तर आपल्यापर्यंत आले. रॅम टाक अन् मोकळा हो. आजकाल नुसता क्रोमच ४ जीबी खाऊन बसते, बाकीच्यांनी काय हवा खायची.

सोल्डरगन:
थांबा जरा, आधी रोग पाहू मग औषध. माझं वर्ध्याला रिपेअरिंगचं काम आहे, रोज कोणीतरी "रॅम टाकून द्या" म्हणून येतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं वेगळंच निघतं. कापूसकोंड्या भाऊ, असं करा, गर्दीच्या वेळी सगळं नेहमीसारखं उघडं असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि मेमरीवर क्लिक करा. तिथं चार गोष्टी पाहून इथं लिहा. इन यूज किती, कमिटेडमध्ये दोन आकडे असतात ते किती, स्लॉट्स यूज्ड (रॅमच्या पट्ट्या बसवायच्या किती जागा भरल्या) पुढे काय लिहिलंय आणि स्पीड किती. मग डाव्या बाजूला डिस्कवर क्लिक करून तिथं किती टक्के दाखवतंय आणि एचडीडी (फिरणाऱ्या तबकडीची) लिहिलंय का एसएसडी (चिपवरची, वेगवान) तेही सांगा. हे पाहिल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

खामगाव_एक्सप्रेस:
एवढं कशाला, रॅम क्लीनर म्हणून फुकट सॉफ्टवेअर भेटते, एक क्लिक केलं की दीड जीबी मोकळी. मी दोन वर्षापासून वापरतो. अन् पेनड्राइव्हले रॅम बनवायचा पण जुगाड आहे, यूट्यूबवर पहा.

सोल्डरगन:
@खामगाव_एक्सप्रेस, राग मानू नका पण ते क्लीनर रॅम वाढवत नाही, चालू प्रोग्रामचा माल ढकलून डिस्कवर पाठवते. आकडा कमी दिसतो म्हणून बरं वाटते, मग तुम्ही तीच विंडो परत उघडली की सगळं डिस्कवरून परत वाचावं लागते, म्हणजे आणखी स्लो. पेनड्राइव्हवालं ते रेडीबूस्ट, विंडोज व्हिस्टाच्या काळातलं. त्यानं रॅम वाढत नाही, डिस्कवरच्या मालाची थोडी नक्कल (कॅश) पेनड्राइव्हवर ठेवली जाते इतकंच.

कापूसकोंड्या:
हे घ्या, आज बजाराच्या दिवशी पायलं, चार माणसं समोर बसले होते. एकूण मेमरी ३.७ दाखवते ४ ची, इन यूज ३.४, म्हणजे ९१-९२ टक्के. कमिटेड ७.६/९.२. स्लॉट १ ऑफ २. स्पीड १६०० मेगाहर्ट्झ. डिस्क सारखी १०० टक्क्यावर, खाली येतच नाही, अन् एचडीडी लिहिलं हाय. हे चांगलं का वाईट, ५०० जीबीची डिस्क हाय अन् अर्धी तं रिकामीच हाय.

सोल्डरगन:
छान, आता चित्र स्वच्छ आहे. कमिटेडचा पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रामनी मिळून विंडोजकडून किती मेमरी मागून घेतली. तुमची मागणी साडेसात जीबी, हातात पावणेचार. सगळीच एकदम वापरात नसते, पण जे रॅममध्ये मावत नाही ते विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकते. खळं लहान आणि माल जास्त झाला की पोते सारखे गोदामात नेऊन आणावे लागतात तसं. आणि तुमचं गोदाम म्हणजे फिरणाऱ्या तबकडीची हार्डडिस्क, तिला रॅमच्या मानानं हजारो पट वेळ लागतो. म्हणून डिस्क १०० टक्के. ती रिकामी किती आहे याचा इथं संबंध नाही. ४ च्या जागी ३.७ दिसते ते बरोबर आहे, तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीन दाखवायला रॅममधलाच थोडा वाटा बाजूला काढला जातो.

तर रॅम टाकाच. टी४५० मध्ये दोन स्लॉट आहेत, एक रिकामा आहे, म्हणून जुनी ४ ची काढायची गरज नाही, तिच्या बाजूला ८ ची टाका, १२ होते. दुकानदार जुनी काढून ठेवून घेत असेल तर नाही म्हणा. ४ आणि ८ वेगवेगळी असली तरी चालते, इंटेलमध्ये दोन्हीकडची ४-४ जोडीनं चालते, म्हणजे ड्युअल चॅनेल, आणि उरलेली ४ एकेरी चालते. ग्राफिक्स रॅममधूनच चालत असल्यामुळे या जोडीचा स्क्रीनच्या कामाला पण फायदा होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला डीडीआर३एल लागते. शेवटचा एल विसरू नका. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर, आणि पाचव्या जनरेशनच्या या प्रोसेसरला १.३५ वालीच चालते. घोळ असा की दोघींना पिना २०४ च, मधली खाच पण एकाच जागी, त्यामुळे चुकीची पण मस्तपैकी बसते, फक्त लॅपटॉप चालू होत नाही. डीडीआर४ चं तसं नाही, तिला २६० पिना अन् खाच दुसरीकडे, ती बसतच नाही, बसवायला जोर लावला तर स्लॉट मात्र तुटते. चिपवरची चिठ्ठी वाचायची, त्यावर पीसी३एल-१२८००एस असं पाहिजे. १२८०० म्हणजे १६०० चीच दुसरी ओळख, १६०० गुणिले ८ बाइट. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी.

मोर्शीचा_संत्रा:
पण कंपनी सेम पाहिजे ना? मला अमरावतीला सांगितलं होतं की सॅमसंगसोबत हायनिक्स टाकली तर मदरबोर्ड जळतो. अन् स्पीड पण सेम.

नागपुरी_तर्री:
मदरबोर्ड जळत असता तर माझ्या ऑफिसात आतापर्यंत राख राहिली असती, अर्ध्या मशीनमध्ये खिचडीच आहे. स्पीड वेगळी असली तर दोघी कमी स्पीडवर चालतात, म्हणजे १६०० सोबत १३३३ टाकली तर दोघी १३३३. बस, एवढंच होते. व्होल्टेजचा मात्र सोल्डरगन भाऊनं सांगितलं ते पक्कं पाहा.

सोल्डरगन:
+१. क्वचित दोन विशिष्ट पट्ट्यांचं पटत नाही, तेव्हा लॅपटॉप हँग होतो नाहीतर निळी स्क्रीन येते, म्हणून बदलून देतो असं बोलून घेऊनच विकत घ्यावी. जळत वगैरे काही नाही.

झेडपी_ताई:
याच धाग्यात विचारते, नवीन काढत नाही. आमच्या शाळेला कोणीतरी जुने लॅपटॉप दिले, गोंदिया जिल्ह्यातली शाळा आहे आमची. त्यातल्या एकात आम्ही वर्गणी करून रॅम ८ जीबी करून घेतली, बिल आहे, पट्ट्या दोन दिसतात पण. तरी सेटिंगमध्ये ८ जीबी आणि पुढे कंसात ३.४ जीबी यूजेबल असं येतंय. बाकीची कुठं गेली? मुलांना एक्सेल दाखवताना पण अडकतो. दुकानवाला म्हणतो रॅम बरोबर आहे, तुमची विंडोज खराब आहे.

सोल्डरगन:
ताई, दुकानवाला यावेळी खरं बोलतोय. तुमच्यावर ३२ बिट विंडोज टाकलेली असणार, सेटिंग, सिस्टम, अबाउटमध्ये सिस्टम टाइप पहा. घरगुती ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही, त्यातली पण थोडी हार्डवेअरसाठी जाते, म्हणून ३.४. तिथंच पुढे "एक्स६४ बेस्ड प्रोसेसर" लिहिलं असेल तर ६४ बिट विंडोज टाकता येते, पण ३२ वरून ६४ असं अपडेट होत नाही, कोरी टाकावी लागते, म्हणून मुलांचं, शाळेचं सगळं आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या. लायसन्स जुनंच चालतं, आवृत्ती तीच ठेवा फक्त, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. आणि समजा आधीच ६४ बिट निघाली तर रनमध्ये एमएसकॉन्फिग टाइप करा, बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं मॅक्सिमम मेमरीला टिक असेल तर काढा. तरीही नाही तर एक पट्टी नीट बसलेली नाही.

झेडपी_ताई:
३२ बिटच आहे!! प्रोसेसर एक्स६४ आहे. धन्यवाद सर. बाकीचे पण तपासते आता, सगळ्यांवर एकानेच टाकून दिलेली आहे विंडोज.

नागपुरी_तर्री:
ताई, शाळेचंच असेल तर दोन-तीन मशीनवर विंडोजच्या जागी उबंटू नाहीतर मिंट (लिनक्सचे प्रकार) टाकून पाहा, मराठी टायपिंग होते, लिबरऑफिस होते, फुकट. त्यात टर्मिनलवर सुडो डीएमआयडीकोड, मग डॅश टी मेमरी असं लिहिलं की कोणत्या स्लॉटमध्ये काय आहे ते मशीन न उघडता दिसते.

कापूसकोंड्या:
ताई तुमचं झालं, आता माह्याकडं पाहा कोणी. भावाचं सांगा राजेहो, यवतमाळले नवीन पट्टीचा भाव आयकून मी फोनच ठेवून देल्ला. मांगच्या वर्षी साळ्यानं याच्या अर्ध्यात घेतली होती म्हणते.

नागपुरी_तर्री:
साळा खोटं नाही बोलून रायला. २०२५ मध्ये रॅमचे भाव असे वाढले की बस, खासकरून वर्षाच्या शेवटी. एआयच्या डेटा सेंटरला मेमरी लागते ढिगानं, कारखाने तिकडं वळले, आपल्या पट्ट्यांना माल कमी. डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीनं जाहीरच करून टाकलं की क्रुशियल नावानं सामान्य गिऱ्हाइकाला विकणं बंद करणार. इतके वर्ष लोक डोळे मिटून तेच घेत होते. पण तुझी डीडीआर३एल तर आधीच म्हातारी, भंगारात निघालेल्या ऑफिसच्या लॅपटॉपातून भरपूर निघतात, नवीनच्या नादी लागू नको. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी) कॉम्प्युटरच्या दुकानांच्या गल्ल्यांत विचार, चार ठिकाणी भाव काढ, वापरलेली पण महिनाभर तरी बदलून देतो असं लिहून देणाऱ्याकडूनच घे. तोंडी गॅरंटी म्हणजे दुकानाच्या पायरीपर्यंतच.

कापूसकोंड्या:
आज यवतमाळले कामानं गेलतो तं त्याच दुकानात पायली. पट्टी दाखवली त्यानं, फोटो काढून आणला, चिठ्ठीवर लिहिलं हाय ८जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००एस. म्हणते "सेमच हाय, सगळ्या लॅपटॉपले चालते, कायले डोकं लावता". म्या म्हणलं पीसी३ च्या मांगं एल कुठी हाय, तं थो माह्याकडं असा पाहाले लागला जसा म्या त्याची बायको पळवली. घेऊ का नको?

सोल्डरगन:
नको. एल नाही म्हणजे दीड व्होल्टची. तुमच्यात बसेल पण चालणार नाही. २आरएक्स८ ठीक आहे, ते चिप किती आणि कशा लावल्यात त्याचं, त्याची तुम्हाला चिंता नको.

कापूसकोंड्या:
भाचा नागपुरात असते, त्याले बर्डीवर पाठवलं. एलवाली ८ जीबी मिळाली, वापरलेली, चिठ्ठी स्वच्छ वाचता येते, बिल घेतलं, बदलून द्यायचं लिहून घेतलं. एसटीनं घेऊन येते उद्या थो. आता खोलू कसा, दुकानात जाऊ का घरीच? माह्या हात बरा हाय, मोटारीचं स्टार्टर खोलतो मी.

सोल्डरगन:
स्टार्टर खोलता म्हणजे हे तर पोरखेळ आहे, फक्त जोर लावायची सवय घरी ठेवून बसा. टी४५० ची एक खोड आहे, दोन बॅटऱ्या आहेत. मागची काढता येते ती दिसते, दुसरी आतमध्ये असते, तिला वीज चालूच राहते. म्हणून लॅपटॉप चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची मशीनची सेटिंग) जा, कॉन्फिग, पॉवर, तिथं डिसेबल बिल्ट-इन बॅटरी आहे, ते येस करा, लॅपटॉप आपोआप बंद होतो. चार्जर आधीच काढलेला पाहिजे. मग मागची बॅटरी काढा. आता तो बटन दाबून चालू होणार नाही, घाबरू नका, नंतर चार्जर लावला की आतली बॅटरी परत जागी होते.

खालच्या झाकणाचे स्क्रू ढिले करा, ते झाकणातच अडकून राहतात, निघत नाहीत, म्हणून ओढत बसू नका. मग जुनं एटीएम कार्ड कडेनं फिरवत झाकण उचला. स्क्रू ड्रायव्हर खुपसला की क्लिपा तुटतात.

स्टॅटिकबद्दल (अंगावर साचलेली वीज, तिनं चिप खराब होऊ शकते) सगळे सांगतात की अर्थिंगला हात लावा, पण आपल्याकडे खेड्यात कितीतरी घरात सॉकेटला खरं अर्थिंग नसतेच, अन् नळ प्लास्टिकच्या पाइपावर. त्यापेक्षा सरळ हापशीला हात लावून या, तिचा लोखंडी पाइप खोल जमिनीत गेलेला असतो. ओला हात पुसून घ्या मात्र. सतरंजी, नायलॉनच्या चादरीवर बसून करू नका, लाकडी टेबल घ्या. पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

बसवताना खाच जुळवा, पट्टी तिरपी, साधारण ३० अंशात आत सरकवा, पूर्ण आत गेली की सोनेरी दात जवळपास दिसत नाहीत, मग वरून खाली दाबा, दोन्ही बाजूच्या पत्र्याच्या कानांनी टक् करून पकडलं पाहिजे. टक् आवाज आला नाही म्हणजे बसली नाही. एवढंच.

मोर्शीचा_संत्रा:
डेलवाल्यांसाठी एक, नवीन रॅम टाकल्यावर पहिल्यांदा "मेमरीची मात्रा बदलली" अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज येतो, कंटिन्यू करा, बिघाड नाही तो. मी तर त्या मेसेजवर परत दुकानात नेला होता लॅपटॉप, दुकानदारानं एक बटन दाबून पन्नास रुपये घेतले.

कापूसकोंड्या:
झालं बाप्पा! झाकण उघडलं तं आत पंख्यावर अशी पांढरी गादी बसली होती का काय सांगू, आमच्या गावाच्या नाक्यावर जिनिंग हाय, सीझनभर कापसाची फुसफुस उडत रायते, थे सारी याच्यात. ब्रशनं काहाडली. मंग पट्टी बसवली, चार्जर लावला, चालू केला तं काळी स्क्रीन अन् बीप बीप. जीव गेला माह्या. मंग सोल्डरगन भाऊचं टक् आठवलं, परत बंद करून काढली, जुन्या पट्टीच्या दातावर काळपट थर दिसला, पोराचं खोडरबर घासलं हलक्यानं, भुसकट झटकलं, दोन्ही परत बसवल्या, यावेळी दोन्हीकडून टक् टक् आवाज आला. चालू! ११.७ दाखवते. आज तेवढ्याच साइटा उघडून इन यूज साडेपाचच्या आसपास, माऊस अडकत नाही, अंगठा पहिल्या झटक्यात जाते. फक्त सकाळी चालू व्हायले अजूनही तेवढाच टाइम घेते, त्याचं काय?

सोल्डरगन:
अभिनंदन. खोडरबर बरोबर केलं, बीप येण्याचं सगळ्यात साधं कारण तेच असते. आता दोन कामं. वापरलेली पट्टी आहे म्हणून मेमटेस्ट८६प्लस (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्री लावून झोपा, एक पूर्ण फेरी बिना लाल ओळीची गेली पाहिजे. लाल आली तर ती पट्टी बदलून घ्या, बिल आहेच. तेवढी झंझट नको असेल तर रनमध्ये एमडीस्केड टाइप करा, विंडोजचंच टेस्टर आहे, थोडं ढोबळ आहे पण चालते. लाइन जायच्या भीतीनं दोन्ही बॅटऱ्या भरून लावा.

सकाळी चालू व्हायला उशीर ही रॅमची नाही, तबकडीवाल्या डिस्कची भानगड. विंडोज उठताना हजारो बारक्या फायली वाचते, त्याला एसएसडीच पाहिजे. पैसे जमले की बदला.

मोर्शीचा_संत्रा:
माझ्या पोरीनं यंदा कॉलेजसाठी पातळ लॅपटॉप घेतला, ८ जीबीचा. पुढे वाढवता येईल ना?

नागपुरी_तर्री:
काका, मॉडेलवर आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते, स्लॉटच नसतो. टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टर पाहा, एसओडीआयएमएम (स्लॉटात बसणारी पट्टी) लिहिलं तर बरं, "रो ऑफ चिप्स" असं काही दिसलं तर ती चिकटलेली. काहीत अर्धी चिकटलेली अन् एक स्लॉट असंही असते. टास्क मॅनेजर ते कधी कधी चुकीचं पण सांगते, म्हणून कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचं पान पाहा. घेतानाच १६ घ्यायला पाहिजे होती पण आता काय.

झेडपी_ताई:
कापूसकोंड्या दादा, एक राहिलं तुमचं. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले ना, आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. लोकांचे आधार, बँकेची कामं करता तुम्ही त्यावर.

सोल्डरगन:
ताईंनी बरोबर पकडलं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, टी४५० त्यात बसत नाही, कितीही रॅम टाका. विंडोज १० ला जास्तीचे सुरक्षा अपडेट घ्यायची ईएसयू म्हणून सोय आहे, घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सेटिंगच्या अपडेटच्या पानावर एनरोलचं बटन दिसतं का पाहा. ती जोडून घ्या आणि तोपर्यंत पुढच्या मशीनचा विचार करून ठेवा. म्हणून एसएसडी घेतली तरी लहानच घ्या, २५६ पुरते, अडीच इंची, साटा जोडणीची, ७ मिलिमीटर जाडीची. तीच पुढच्या लॅपटॉपात नाहीतर बाहेरच्या केसमध्ये घालून बॅकअपला कामी येईल.

कापूसकोंड्या:
एनरोलचं बटन दिसलं, दाबलं. एसएसडी तुरीचे पैसे आल्यावर. पण विंडोज परत टाकाव लागन का? अंगठ्याच्या मशीनचं, प्रिंटरचं, सगळं बसवाले मले मागच्या टायमाले लय तरास झाला होता.

सोल्डरगन:
नाही, क्लोन करता येते, आहे तसं सगळं उचलून नवीनवर. यूएसबीले साटाची केबल लागते, एसएसडी त्यावर लावायची, क्लोनिंगचं सॉफ्टवेअर चालवायचं, मग डिस्क बदलायची. तुमच्या डिस्कवर २५६ पेक्षा बराच कमी माल आहे का ते आधी पहा, जुने स्कॅन अन् लग्नाचे व्हिडिओ असतील तर काढून टाका. केबल नसली तर दारव्ह्याला जाणारा माझा एक गिऱ्हाईक आहे, त्याच्या हाती पाठवतो, काम झालं की परत द्या.